घराखालचं खुराडं

छप्पर फुकट मिळालं, कारण छप्पर म्हणजे आमचंच घर. खांबांवर उभ्या घराच्या पोटाखाली मी ताठ चालू शकते. माझी तान्ही लेक दायरा कडेवर असली तरी तिचं डोकं वरच्या जमिनीच्या बांबूच्या कांबींना लागत नाही. सावली होती, खांब होते, चार बाजू तेवढ्या बंद करायच्या राहिल्या होत्या.

त्या बंद करायची मला घाई होती, आणि ती काही कोंबड्यांच्या मायेपोटी नव्हती.

सासूबाईंच्या मावसबहिणीनं लांब ग्वायाकिल शहरात माझ्यासाठी काम बघितलं होतं. मोठ्या घरात राहायचं, स्वयंपाक करायचा, धुणं धुवायचं, त्यांची मुलं निजवायची. माझी लेक मात्र इथं, आजीपाशी. ती अजून धड रांगतही नव्हती. माझा नवरा विल्तर कोळंबीच्या तळ्यांवर राखणीला असतो, अधूनमधून घरी येतो. त्यानं माझं आणि सासूबाईंचं ऐकून घेतलं आणि ताटाकडे बघत म्हणाला, की दर रविवारी अंडी बाजारात जायला लागली तर हिनं जायचं काही कारण नाही. सासूबाई त्याला भाजलेलं केळं वाढत होत्या. अंडी बाजारात जायला आधी ती सोर्राच्या तावडीतून सुटायला हवीत, एवढंच त्या बोलल्या.

सोर्रा येत होतीच. मांजराएवढं जनावर, टोकदार तोंड, शेपूट उंदराची. चिंचेवर बसलेल्या कोंबड्या एकेक करून नेई, आणि ज्या रात्री कोंबडी हाती लागत नसे त्या रात्री अंडी फोडून जाई.

माझा भाऊ मच्छीमारी बोटीवर आहे. त्याच्याकडून टाकून दिलेली जाळी आणली आणि दुहेरी करून शिवली. जनावर दातांनी कुरतडेल म्हणून खालून कमरेएवढा कूड घातला, गावात कुणाकुणाकडे उरलेल्या बांबूच्या ठेचलेल्या फळ्यांचा. मोडक्या खाटेचं दार झालं. अंडी घालायला केळ्यांची खोकी. झोळीतली दायरा पायानं हलवत मी हातांनी गाठी मारत होते. ज्यांचं बांबूचं बेट ओढ्याकाठी आहे ते गावातले वडीलधारे दॉन तेल्मो गाढव घेऊन चालले होते, ते थांबलेच.

"काय गं नेल्वा, कोंबड्यांना तळमजला आणि तुम्हाला माडी? भाडं कोण कुणाला देतं?"

"त्या देतात," मी म्हटलं. "रोज सकाळी."

आणि खरंच दिलं त्यांनी. सोर्रानं दोनदा जाळी ओरबाडली आणि नाद सोडला. आधी अंडी घालायला जे बुटकं खुराडं होतं त्यात मला पालथं पडून हात घालावा लागे, लेकराला कुठं ठेवू हा प्रश्न असे. आता आम्ही दोघी मिळून आत जायचो. गरम अंडं तिच्या गालाला लावलं की ती डोळे मिटून घ्यायची. सकाळी वर चटईवर आम्ही पालथ्या पडून कांबींच्या फटींतून खाली बघायचो. खाली कोंबड्या दाणे टिपायच्या आणि वर ही खिदळायची. रविवारी टोपली भरून गेली. पुढच्या रविवारीही गेली. ग्वायाकिलचं नाव घरात निघेनासं झालं.

मग तिच्या मानेवर पुरळ उठलं. आधी वाटलं डास असतील, मग वाटलं घामोळं. कानामागे, काखेत, मांड्यांच्या वळ्यांत तांबडे ठिपके. ती झोपेत अंग घासायची आणि खाजवून रक्त काढायची. एका दुपारी मी तिचं पांढरं दुपटं जमिनीवर पसरलं. मी भांड्यांकडे गेले, परत येऊन बघते तर दुपट्यावर तांबडी टाचणीची टोकं चालत होती. कोंबड्यांच्या अंगावरचे किडे. खांब चढून, फटींतून वर येत होते. ज्या फटींतून आम्ही हसत होतो त्याच.

मी खोक्यांत राख भरली, तंबाखूचं पाणी शिंपडलं. किडे पळवणारं पालो सांतोचं वासाचं लाकूड जाळलं, तर धूर आधी वर आला आणि ती खोकून खोकून निळी पडली.

सासूबाई अंगणापलीकडच्या घरात राहतात. खोकला ऐकून आल्या. त्यांनी झबलं वर करून पाठ बघितली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कोंबड्यांच्या डोक्यावर लेकराला निजवतं का कुणी, पोरी?"

खुराडं तिथून हलवायचं हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. पण खालच्या कुडाच्या फळ्या किड्यांनी भरलेल्या, उघड्यावर उभं करायचं तर चार बाजूंना नवा बांबू हवा, आणि चंद्र वाढता होता. वाढत्या चंद्रात आमच्याकडे बांबूला कुणी कोयता लावत नाही. तेव्हा तो गोड रसानं भरलेला असतो, भुंगे त्याचं पीठ करतात. तरी मी दॉन तेल्मोंकडे गेले. पौर्णिमा उलटून चंद्र उतरणीला लागला की मी स्वतः तोडून आणून देईन, असं ते म्हणाले. आत्ता हात लावू दिला तर त्यांचा मेलेला बाप उठून कानाखाली देईल म्हणे. हसून म्हणाले, पण बेटाकडे जाणाऱ्या वाटेवर पाय रोवून उभे होते.

तोवर काय करायचं? कोंबड्या चिंचेवर सोडल्या तर सोर्रा, आणि मग ग्वायाकिल. घराखाली ठेवल्या तर रोज रात्री माझं लेकरू.

मी घरी आले, तिला झोळीत घातलं आणि आमच्या खोलीची अंगणाकडची भिंत उतरवायला घेतली. अख्खी भिंत विल्तरच्या वडलांनी उतरत्या चंद्रात तोडलेल्या बांबूची. इतकी वर्षं झाली, एका कांबीला भोक नाही. खिळे काढताना बोटं सोलली. चिंचेच्या पलीकडे, घरापासून लांब, त्याच कांबींनी चारी बाजू उभ्या केल्या. न्हाणीवरचा पत्रा काढून वर टाकला. जुनी जाळी उकळत्या पाण्यातून काढून वरच्या अर्ध्याला लावली. एकेक कोंबडी राखेत लोळवून आत सोडली. घराखालची जागा, खांब, कांबींच्या फटी कढत पाण्यानं धुतल्या.

दिवस कलताना सासूबाई आल्या. खोलीला पडलेल्या भगदाडाकडे बघत राहिल्या. आतली खाट, टांगलेले कपडे, दायराची झोळी, सगळं अंगणातून दिसत होतं.

"हा कूड तुझ्या सासऱ्यानं घातला होता."

"माहीत आहे मला."

"वारा येईल आत."

"वारा चावत नाही," मी म्हटलं.

सासूबाई चिंचेकडे गेल्या, दार ढकलून आत शिरल्या. त्या उंच आहेत, पण त्यांनाही वाकावं लागलं नाही. एकेक कोपरा हातानं हलवून बघितला.

"टिकेल," म्हणाल्या. मग हात झटकत सांगितलं, की बहिणीला निरोप धाडते, दुसरी कुणी बघ म्हणून.

मी पायरीवर बसले. तेव्हा त्यांनी झोळीतून दायराला उचललं.

"पण भिंत होईस्तोवर ही माझ्याकडे निजेल. असल्या उघड्यावर मी नातीला ठेवणार नाही."

मीही येते, असं तोंडात आलं होतं. पण नव्या खुराड्याची पहिली रात्र होती. सोर्रा चारी बाजू तपासणार, कुठं ढिलं आहे ते शोधणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. एकही कोंबडी गेली तर तो निरोप फिरायला वेळ लागला नसता.

मी दुपटं उकळून वाळवलं होतं, ते तिच्याभोवती गुंडाळलं. सासूबाई अंगण ओलांडून चालू लागल्या. दायरा त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. रडली नाही. रडली असती तर मी कोंबड्या सोडून धावले असते.