शेवटच्या थांब्यावरची नऊ मिनिटं

बस डेपोत त्याला सगळे ‘घड्याळ’ म्हणत. सुटायची वेळ झाली की त्याची बस सुटायची. मग दारात कुणाचा एक पाय आत असो नाहीतर दोन्ही बाहेर. शेवटच्या थांब्याजवळ राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका काठी टेकत टेकत रोज पाव मिनिट उशिरा पोचत, आणि रोज पाव मिनिट आधी घड्याळ दार लावून निघून गेलेलं असे. असं बारा वर्षं चाललं होतं. बाई लांबून काठी हलवायच्या. घड्याळाला वाटायचं, निरोप देताहेत.

असा हा माणूस एके दिवशी भर चौकात लाल दिव्याला थांबला आणि स्टिअरिंगवर झोपला. दिवा हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. बसमधलं कुणी काही बोललं नाही. घड्याळ थांबलंय म्हणजे काहीतरी नियम असणार, अशी सगळ्यांची समजूत. तिसऱ्या हिरव्या दिव्याला मागच्या टॅक्सीवाल्याने येऊन काच वाजवली, तेव्हा कुठे कळलं की नियम घोरतोय.

डेपो मॅनेजरने त्याला झोपेच्या क्लिनिकमध्ये पाठवलं. तिथे रात्रभर वायरी लावून तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, “झोपेत तुमचा श्वास तासाला एक्केचाळीस वेळा अडकतो. तितक्या वेळा तुम्ही अर्धवट जागे होता. म्हणजे रात्री तुम्ही झोपतच नाही.”

“हे झोपत नाहीत?” त्याची बायको म्हणाली. “डॉक्टर, अहो, शेजारचे भिंत बदलून मागताहेत!”

उपचार म्हणून नाकावर बसवायचा मास्क आणि नळीतून हवा सोडणारं एक छोटं मशीन मिळालं. पहिल्या रात्री घरात इतकी शांतता झाली की बायको दचकून उठली आणि तिने नवऱ्याच्या छातीला कान लावला. तीन महिन्यांत माणसाचा चेहरा बदलला. सकाळी तो चहा घेताना चक्क बोलू लागला. बायकोला याची सवय नव्हती. ती म्हणाली, “बरं वाटतंय ना तुम्हाला?”

पण मॅनेजरला चेहरा नको होता, कागद हवा होता. दिवसभर जागं राहता येतं असं क्लिनिकने लिहून दिलं तर स्टिअरिंग, नाहीतर निवृत्त होईपर्यंत हरवलेल्या वस्तूंची खोली. त्या खोलीत चारशे छत्र्या होत्या आणि खिडकी नव्हती.

त्या कागदासाठीची परीक्षा फार साधी होती, आणि साधी होती म्हणूनच भयंकर. नऊ, अकरा, एक आणि तीन वाजता, अशी चार वेळा. दर वेळी मंद उजेडाच्या खोलीत पलंगावर टेकून बसायचं आणि चाळीस मिनिटं जागं राहायचं. बोलायचं नाही, गुणगुणायचं नाही, चिमटे काढायचे नाहीत, हातपाय हलवायचे नाहीत. चारांपैकी एकदा जरी डोळा लागला तरी छत्र्या.

“आणि चहा?” त्याने विचारलं.

“चहा नाही, काका,” टेक्निशियन मुलगी त्याच्या डोक्याला वायरी चिकटवत म्हणाली. “आणि हातातलं घड्याळही द्या इकडे.”

घड्याळ काढून देताना त्याचा चेहरा असा झाला की तिला वाटलं, वायर टोचली.

पहिल्यांदा तो भीतीने जागा राहिला. दुसऱ्यांदा भीती संपली आणि शेवटची पाच मिनिटं त्याने नुसता छतावरचा डाग पकडून काढली. बाहेर आला तेव्हा डोळे लाल झाले होते. मधल्या वेळात झोपू द्यायचं नाही हे काम बायकोकडे होतं. ते तिने मन लावून केलं. डबा उघडून तिने त्याच्यासमोर अर्धंच जेवण वाढलं.

“एवढंच?”

“पोटभर जेवा आणि छत्र्या मोजा.”

एक वाजता, अर्धपोटी, तो पुन्हा पलंगावर बसला. छतावरचा डाग आता दुप्पट झाला होता. तेव्हा त्याला सुचलं. त्याने मनातल्या मनात डेपोतून बस बाहेर काढली. त्याची फेरी बरोबर चाळीस मिनिटांची. दवाखाना, शाळा, मार्केट, पूल. मार्केटपाशी नेहमीसारखी एक हातगाडी आडवी आली. शेजारच्या खोलीत पडद्यावर मुलीला काकांचे डोळे उजवीकडे, डावीकडे, आरशात, पुन्हा समोर असे फिरताना दिसले. मग स्पीकरमधून आवाज आला, “काका, उजवा पाय हलवू नका.”

त्याने पायाशिवाय ब्रेक लावला. हातगाडी वाचली. चाळिसाव्या मिनिटाला बस शेवटच्या थांब्यावर टेकली आणि खोलीतला दिवा लागला.

“सापडलं!” तो बाहेर येऊन बायकोला म्हणाला. “आता एकच फेरी.”

तीन वाजता त्याने थाटात बस काढली. पण दुपारी तीनला रस्ता रिकामा असतो. सिग्नल हिरवे, मार्केट झोपलेलं, पुलावर चिटपाखरू नाही. बस शेवटच्या थांब्यावर पोचली तेव्हा एकतीसच मिनिटं झाली होती. त्याला हे पडद्याशिवाय आणि घड्याळाशिवाय कळलं. त्याचं नाव काही उगाच पडलं नव्हतं.

आता खरी पंचाईत झाली. शेवटच्या थांब्यावर लवकर पोचलं की इंजिन बंद करायचं, स्टिअरिंगवर हात, हातांवर डोकं, आणि डुलकी. चोवीस वर्षांची सवय. इंजिन बंद झालं तसे डोळे जड झाले. बस परत वळवावी, तर सुटायला नऊ मिनिटं होती, आणि वेळेआधी बस सोडणं त्याला मनातसुद्धा जमेना. त्याने प्रयत्न केला. हात किल्लीकडे जाईनात.

पडद्यावर रेषा संथ झाल्या. मुलगी खुर्चीत पुढे सरकली. काचेतून तिचा चेहरा बघून बाहेर बायकोने पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी पिळला.

आणि त्याच वेळी, मनातल्या त्या थांब्यावर, लांबून काठी हलताना दिसली. त्याने दार उघडलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. बाई आल्या, एक पायरी चढल्या, दम घेतला, दुसरी चढल्या, पर्स उघडली, पर्स बंद केली, आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

“उठ,” बाई म्हणाल्या. “मान सरळ. बारा वर्षं मी काय तुला टाटा करत होते? माझा दात काढायचा राहिला तुझ्यामुळे! भाचीच्या लग्नात मी पोचले तेव्हा नवरीमुलगी निघाली होती! आणि तोंड वर करून झोपतोस?”

उत्तर द्यायचं तर बोलायला बंदी. तो टक्क डोळे उघडे ठेवून ऐकत राहिला. बाईंकडे नऊ मिनिटांना सहज पुरून उरेल एवढा ऐवज होता. दिवा लागला तेव्हा त्या एका डिसेंबरात चुकलेल्या बसवर आल्या होत्या.

“काका, जागे राहिलात!” मुलगी धावत आली. “शेवटी मला वाटलं, गेले. काय केलंत?”

डॉक्टरांसमोर त्याने सगळं खरं सांगून टाकलं. हातगाडीसकट. “हे नियमात बसत नसेल तर तसं लिहा,” म्हणाला. बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू ते मशीन आत्ताच परत करून टाकावं.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. “नियम हातापायांचे आहेत,” ते म्हणाले. “मनात काय चालवायचं यावर नियम नाही. आणि गाडी चालवताना झोप लागत नाही, हेच तर तुमच्या मॅनेजरना हवंय.” त्यांनी सही केली. “मशीन मात्र रोज रात्री. वर्षाने पुन्हा या.”

“एवढी बोलणी खाऊन जागे राहिलात?” बाहेर आल्यावर बायको म्हणाली. “माझ्या बोलण्यात तर पंचवीस वर्षं गाढ झोपायचात.”

“तू बसच्या दारात उभी राहून बोलत नाहीस ना.”

सोमवारी तो कामावर हजर झाला. शेवटच्या थांब्यावर नऊ मिनिटं होती. तो झोपला नाही. खाली उतरून त्याने आरसे पुसले. सुटायची वेळ झाली. त्याने हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. काठी कोपऱ्यावर होती. पाच सेकंद गेले, दहा गेले. मागच्या सीटवरून कुणीतरी घाबरून विचारलं, “ड्रायव्हरसाहेब, जागे आहात ना?”

“जागा आहे,” तो म्हणाला. “म्हणूनच थांबलोय.”

बाई आल्या. उघडं दार बघून त्या बाहेरच थबकल्या.

“बस बिघडली आहे का?”

“नाही, बाई. या. सावकाश चढा.”

त्या चढल्या. दम घेतला. त्याच्या अगदी समोर उभ्या राहिल्या. त्याने मान सरळ केली आणि बारा वर्षांचं सगळं ऐकून घ्यायची तयारी ठेवली.

बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

“चल आता,” त्या म्हणाल्या. “उशीर होतोय.”