एकशे सत्त्याऐंशीवा मुद्दा

चौदा पानांचं पत्र लिहून झालं तेव्हाच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हे पत्र नाही, गोणी आहे. उचलणार कोण आणि वाचणार कोण?"

पण रविवारच्या मंडळींत सांगणारे फार आणि ऐकणारे थोडे. माणसाचं प्रेम जिथे जडतं तिथे त्याची जीभही सैल सुटते, आणि या मंडळींचं प्रेम जडलं होतं एका जुन्या पार्कवर. गोल फिरणारे लाकडी घोडे, आकाशपाळणा, आणि पार टोकाला सिमेंटचा एक डोंगर. त्या डोंगराच्या पोटात गुहा आणि गुहेत पाणी. त्या पाण्यावरून बारा माणसांची नाव आपोआप वाहत जाते, झोपलेल्या राक्षसाला वळसा घालते आणि उजेडात बाहेर येते. दर रविवारी सकाळी पार्क उघडलं की ही मंडळी गुहेसमोरच्या चहाच्या टपरीवर कोपऱ्यातलं टेबल धरत आणि भांडत. म्हाताऱ्या मालकांनी दोन वर्षांपूर्वी पार्क एका कंपनीला विकलं, तेव्हापासून भांडणाचा विषय एकच होता. कंपनी पार्कचं वाटोळं करतेय की नाही?

चित्रकलेचे निवृत्त मास्तर म्हणत, करतेय. "घोड्यांचे डोळे बघितलेत का? पूर्वी प्रत्येकाचे वेगळे होते. कुणी रुसलेला, कुणी मिश्कील. आता सगळे एकाच आईचे."

"डोळे राहू द्या हो," डॉक्टरीणबाई म्हणत. त्या दातांच्या डॉक्टर. समोरच्याचा मुद्दा मुळासकट उपटल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "म्हाताऱ्या मालकांच्या वेळी आकाशपाळण्याचा बोल्ट निसटून माझ्या मांडीवर पडला होता. मुठीएवढा! कंपनीने बोल्ट बदलले, ब्रेक बदलले. संडास असे केले की आत जाताना नाक धरावं लागत नाही. त्याचं काहीच नाही?"

"संडास बघायला येतो का माणूस पार्कात?"

"तुमच्या वयात येतो, मास्तर."

या दोघांच्या मध्ये बसायच्या ताई. पडदे शिवायचा त्यांचा धंदा, आणि इथेही त्यांचं काम तेच, दोन्हीकडचं कापड धरून टाका घालायचा. शिवाय त्यांची एक अडचण होती. पार्कच्या कारभारावर कंपनीने जो साहेब बसवला होता, तो त्यांचाच सख्खा धाकटा भाऊ. आई लवकर गेली. ताईंनीच त्याला कडेवर घेऊन वाढवलं. रडायला लागला की याच पार्कात आणून गुहेच्या नावेत बसवायचं, हा तेव्हाचा हमखास उपाय.

त्या धाकट्याने एका संध्याकाळी जेवता जेवता सांगितलं, "ताई, गुहेत आता रेकॉर्ड केलेला आवाज लावणार. मोठा नट आहे. गोष्ट सात मिनिटांत बसवलीय. आजपासून तिसऱ्या रविवारी शेवटची चाचणी. कंपनीच्या मोठ्या बाई स्वतः येताहेत वरून."

ताईंचा घास हातातच राहिला. "आणि गुहाकाका?"

"त्यांना गाड्यांच्या आवारात खुर्ची देतोय. सावली आहे तिथे."

आता हे गुहाकाका कोण, ते ऐका. अडतीस वर्षं हा माणूस नावेच्या मागच्या टोकाला कंदील घेऊन उभा राहत होता आणि राक्षसाची गोष्ट सांगत होता. गोष्ट एकच, पण दोनदा सारखी कधी झाली नाही. नावेत रडकं पोर असलं की राक्षस नुसता घोरायचा, दांडगी पोरं असली की दात खायचा. ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलणं ही देवाने दिलेली देणगी. ती शिकून येत नाही आणि विकत मिळत नाही. अशा माणसाला गाड्यांच्या आवारात बसवायचं म्हणजे वाहत्या झऱ्याला बूच मारायचं. तिथे तो गोष्ट कुणाला सांगणार, टायरांना?

 पुढच्या रविवारी ताईंनी काकांना विचारलं तर ते म्हणाले, "पोरी, गुहा त्यांची, नाव त्यांची." एवढंच बोलून ते कंदिलाची काच पुसत राहिले. काच केव्हाच स्वच्छ झालेली होती.

म्हणून मंडळींनी पत्र लिहिलं. आणि तिथेच घोटाळा झाला. पार्कावर इतका जीव असलेल्या माणसांच्याच हातून व्हावा असा घोटाळा! मुद्दे कोणत्या क्रमाने लिहायचे यावर तासभर भांडण झालं आणि शेवटी मास्तरांनी तोडगा काढला, फाटकापासून चालत निघायचं आणि जे लागेल ते लिहीत जायचं. सगळ्यांना तो फार आवडला. पहिला मुद्दा फाटकाच्या रंगाचा. मग बाकांची उंची, कारंज्याची धार, घोड्यांचे डोळे. गुहा पार टोकाला, त्यामुळे गुहा येईपर्यंत एकशे ऐंशी मुद्दे होऊन गेले होते. काकांना हलवू नये, हा एकशे ब्याऐंशीवा. आणि धाकट्याने वाचून दाखवलेल्या नव्या गोष्टीतून "मागे सरा, श्वास धरा" ही ओळ गाळली आहे ती परत घालावी, हा ताईंचा स्वतःचा मुद्दा आला एकशे सत्त्याऐंशीवर. एकूण मुद्दे दोनशे बारा.

शनिवारी ताईंनी धाकट्याला विचारलं, "पत्र वाचलं का रे कुणी?"

धाकटा ताटाकडे बघत म्हणाला, "पंचवीस मुद्द्यांपर्यंत वाचलं."

"आणि मग?"

"ऑफिसचं दार वाऱ्याने आपटतं. त्याखाली ठेवलंय."

ताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या उठून मशीनवर जाऊन बसल्या आणि एक पडदा उलट्या बाजूने शिवून टाकला.

थोड्या वेळाने धाकटाच जवळ आला. "ताई, कंपनी वाईट नाही गं. आम्ही नीट करून बघितलंय. नावेत वाळूची बारा पोती ठेवून बारा वेळा फिरवली. आवाज आणि राक्षस, अगदी सेकंदाला जुळतात."

"वाळूची पोती?"

"माणसाच्या वजनाची."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ताईंनी हे टेबलावर सांगितलं तेव्हा मास्तर ओरडायला उठले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाहीला धरून खाली बसवलं. "कंपनीच्या बाजूने बोलते म्हणून तुम्ही मला फितूर म्हणता ना? आता फितुराचं ऐका. मोठ्या बाई चाचणी बघणार कुठून?"

"ऑफिसातल्या पडद्यावरून," ताई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी पर्समधून औषधं लिहायचं पॅड काढलं आणि दोनच वाक्यं लिहिली. 'बाई, पडद्यावर बघू नका, नावेत बसा. आणि पोत्यांच्या जागी आम्हाला बसवा.'

"बाकीचे दोनशे बारा?" मास्तरांचा जीव तुटत होता.

"दाराखाली सुखात आहेत. राहू द्या."

तो कागद घेऊन ताई धाकट्यासमोर उभ्या राहिल्या. तो चुळबुळला. "बाईंना वाटेल मी घरची माणसं घुसवतोय. माझी नोकरी आहे, ताई."

"त्या नावेत तू माझा हात इतका घट्ट धरायचास की नखांच्या खुणा पडायच्या. मी कधी सोडवला नाही. एवढा एक कागद नेऊन दे."

त्याने नेऊन दिला.

चाचणीच्या रविवारी पार्क उघडायच्या आधी बारा जण धक्क्यावर जमले. मोठ्या बाई ठेंगण्याशा, पायात चालायचे बूट, बोलणं थोडं आणि नेमकं. "मला भांडण नको. मी ऐकायला आलेय," असं म्हणून त्या पहिल्या बाकावर बसल्या. त्यांच्यामागे धाकटा, ताई, मास्तर, डॉक्टरीणबाई, कंपनीची सहा माणसं. काकांनाही बोलावलं होतं, पण प्रवासी म्हणून. कंदील धक्क्यावर राहिला होता. रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून काकांनी ते मांडीखाली दाबून ठेवले होते.

नाव सुटली. अंधार झाला. छतातून आवाज आला, भारदस्त आणि खोल. मास्तर ताईंच्या कानाशी पुटपुटले, "आवाज चांगला आहे, मेला." ताईंना ते खोडता येईना. कारण खरंच चांगला होता.

मग वळण आलं. डावीकडे निळसर उजेडात राक्षस पसरलेला, टेकडीएवढं पोट वरखाली होतंय. आणि नावेतली माणसं, कंपनीची नि मंडळींची, सगळी एकदम डावीकडे वाकली. सगळ्यांत आधी वाकला तो धाकटा. चाळीस वर्षांचा साहेब, पण लहानपणची सवय जाते कुठे?

नाव कलली. तिची कड भिंतीवरच्या रबराला घासली, कुरकुरली आणि तिथेच टेकली.

आवाज मात्र पुढे गेला. राक्षस मागे राहिला म्हणाला. पहाट झाली म्हणाला. पाखरं किलबिलली. "प्रवासी मित्रांनो, आता उजव्या बाजूने सावकाश उतरा. तुमचा दिवस आनंदात जावो!"

मग शांतता. टप, टप, वरून पाणी गळत होतं. सगळे राक्षसाच्या अंगठ्यासमोर अंधारात बसलेले.

मोठ्या बाईंनी विचारलं, "उतरायचं का?"

"उजवीकडे पाणी आहे, बाई," मास्तर म्हणाले. "गळ्यापर्यंत. मी मोजलंय."

डॉक्टरीणबाई फिसकन हसल्या. धाकट्याने खिशातून वायरलेस काढला. "नाव अडकलीय!"

पलीकडून उत्तर आलं, "नाही साहेब, सात मिनिटं झाली, पडद्यावरचा ठिपका तर घड्याळाप्रमाणे बाहेर आलाय."

आता मात्र सगळी नाव हसली, आणि हसता हसता आणखीच कलली. मागच्या बाकावरून एक खोकला आला.

"मी बोलू का?"

मोठ्या बाई वळल्या. "बोला."

काका उठून उभे राहिले. कंदील नव्हता तरी हात वर गेलाच.  "मंडळी, हसलात? त्याने एक डोळा उघडलाय. बघा, पापणी हलली. आता एकच उपाय. त्याच्याकडे बघायचं नाही. मागे सरा… श्वास धरा…"

अकरा पाठी मागे सरल्या आणि अकरा श्वास थांबले. नाव सरळ झाली. रबर एकदा कुरकुरलं, कड सुटली, आणि पाण्याने तिला आईने लेकराला उचलावं तसं अलगद उचलून पुढे नेलं.

"सुटलो का?" काका कुजबुजले. "अजून नाही. तो विचारतोय, कोण आहे तिथं?"

याचं उत्तर काय द्यायचं ते मंडळींना तीस वर्षं पाठ होतं. "आम्हीच!" मास्तर ओरडले, ताई ओरडल्या, डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"किती जण?"

"सगळे!" हा आवाज धाकट्याचा होता. आणि शेवटच्या "कशाला आलात?" ला "तुला निजवायला!" म्हणताना पहिल्या बाकावरचाही एक आवाज त्यात मिसळला होता. डॉक्टरीणबाईंनी तो स्पष्ट ऐकला.

उजेडात येऊन नाव धक्क्याला लागली. मोठ्या बाई उतरल्या नाहीत. "काका, ही ओळ म्हटली आणि नाव सुटली. योगायोग?"

"योगायोग कसला, बाई. पहिल्या वर्षी नाव दर फेरीला तिथे अडायची. मी ओरडायचो, सरळ बसा हो! कुणी ऐकेना. राक्षस बघायचा सोडून माणूस सरळ कशाला बसेल? मग मी राक्षसालाच कामाला लावलं."

"मग आम्हाला का नाही सांगितलं?"

"मला विचारलं, गोष्ट काय सांगता. ती लिहून दिली. नाव कशी चालवता, ते कुणी विचारलं नाही."

धाकटा एकदम ऑफिसकडे पळाला. लांबून दार धाडकन आपटल्याचा आवाज आला. तो परतला तेव्हा हातात चौदा पानं होती, वरचं पान धुळीने माखलेलं. त्याने अकरावं पान उघडून बाईंसमोर धरलं.

"यांनी सांगितलं होतं, मॅडम. एकशे सत्त्याऐंशी. आणि ती ओळ मी गाळली होती. सात मिनिटांत बसत नव्हती." मग तो ताईंकडे वळला. "लहानपणी त्याच ओळीला मी तुझा हात धरायचो."

 ताईंनी नुसता हात पुढे केला. साहेबाने तो सगळ्यांदेखत धरला.

मोठ्या बाईंनी ते पान वाचलं, मग आधीचं, मग नंतरचं. "वाळूची पोती वाकून बघत नाहीत," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि मोठ्याने हसल्या. "काका, खुर्ची-बिर्ची काही नाही. नाव तुमची. फक्त एक करा. दोन जण निवडा आणि त्यांना शिकवा. गोष्टही आणि नावही. आणि त्या नटाचा आवाज गाड्यांच्या आवारात लावू. कोणती रांग रिकामी आहे ते सांगेल. तिथे कुणी वाकून बघत नाही."

काकांनी मान डोलावली.  त्यांनी धक्क्यावरचा कंदील उचलला आणि, सवयीने, काच पुसली.

"बाकीचे दोनशे दहा?" मास्तरांनी संधी साधली.

"घरी नेऊन वाचते. पण फाटकाचा रंग मी निवडलाय, आणि तो राहणार."

दहा वाजता फाटक उघडलं. मंडळी आपल्या टेबलावर येऊन बसली आणि चहा यायच्या आत भांडण सुरू झालं.

"बघितलंत? मी म्हणत होतो ना, वाटोळं करत होते!"

"आणि मी म्हणत होते ना, ऐकून घेतात! दाराखाली घातलेलं पत्र काढून वाचणारे मालक तुम्ही दुसरे दाखवा!"

"पण दाराखाली घातलं कुणी?"

"दोनशे बारा मुद्दे लिहिले कुणी?"

ताई दोघांच्या मध्ये बसून हसत होत्या. समोर गुहेच्या तोंडापाशी लांबच लांब रांग लागली होती. दिवसाची पहिली नाव भरली, मागच्या टोकाला कंदील हलला आणि अंधारात शिरला. मंडळींचं भांडण आपोआप थांबलं. सगळ्यांचे कान तिकडे लागले. थोड्या वेळाने डोंगराच्या पोटातून तो जुना, खरखरीत आवाज घुमत बाहेर आला.

"कोण आहे तिथं?"

आतले बारा जण काय ओरडले ते ऐकू येण्याआधीच टेबलावरचे कप खडखडले. मास्तर आणि डॉक्टरीणबाई एकदमच उभे राहिले होते, आणि दोघांनी मिळून सगळ्या पार्कला ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "आम्हीच!"