मागच्या दारातली मोटर

थोरल्याचा स्वभावच संशयी. चांगला पाना तो ग्रीसच्या डब्यात बुडवून ठेवी, मीटर जुन्या बॅटऱ्यांमागे, आणि गाडीदुरुस्तीच्या दुकानाची जादा किल्ली कुठे ठेवलीय हे तर त्याचं त्यालाही आठवत नसे. लोक वस्तू जपून ठेवतात, हा लपवून ठेवी. मग सापडली नाही की दिसेल त्याच्यावर डाफरत सुटे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे त्याच्या तोंडावर म्हणणारं एकच माणूस होतं, त्याचा धाकटा भाऊ. आणि त्याला थोरल्यानं सव्वीस वर्षांपूर्वी चोर ठरवून दुकानातून हाकलून दिलं होतं.

चोरी कसली, तर एका मोटरीची. गाडीची काच बटणावर वरखाली करते ती, तळहाताएवढी. एका गिऱ्हाइकाच्या पिवळट गाडीची चालकाकडची काच अर्ध्यावर अडकली होती. धाकट्यानं दोन दिवस खपून ती मोटर खोलली, दगड झालेलं ग्रीस खरवडलं, आतलं फिरणारं आर्मेचर घासून लख्ख केलं, त्याला वीज पोचवणारे नवे कार्बन कानशीनं घासून बेताचे बसवले आणि वायरी मेणाच्या दोऱ्यानं बांधून वर दोन गाठी मारल्या. दोन गाठी ही त्याची खूण. बॅटरीवर ती सुरसुर फिरताना पाहून थोरला म्हणाला, "बरी झालीय." त्याच्या तोंडून हे म्हणजे हारतुरेच.

त्याच रात्री थोरला तापानं आडवा झाला. चौथ्या दिवशी दुकानात आला तर मोटर नाही.

"तूच ठेवली असशील कुठेतरी," धाकटा म्हणाला.

"मी? चार दिवस दुकानात कोण होतं?"

शब्दानं शब्द वाढला. दुकान उलटंपालटं झालं, मोटर मिळाली नाही. गिऱ्हाइकाला दुसरी बसवून दिली. आठवडाभर घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही आणि मग एका सकाळी धाकटा खाली मान घालून म्हणाला, "मीच विकली." थोरल्यानं त्याच दिवशी त्याला बाहेर काढलं. नंतर कुणी मध्यस्थी करायला आलं की त्याचं उत्तर ठरलेलं: स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय त्यानं.

आता परवा दाताच्या डॉक्टरीणबाई एक गर्द हिरवी जुनी गाडी घेऊन आल्या. हौसेनं विकत घेतलेली. चारही काचा मूळच्याच मोटरींवर चालायला हव्या होत्या.

"आणि हे मागचं दार वाजतं," त्या म्हणाल्या. "ठकठक. आधीचा मालक म्हणाला, फार वर्षांपासून वाजतंय."

"जुनी गाडी आहे बाई, बोलणारच," थोरला म्हणाला. हेच वाक्य आपण पूर्वी कुणाला तरी म्हटलंय असं त्याला वाटून गेलं.

मागच्या दाराचं पॅनल काढलं तर आतला पत्रा जुन्याच पिवळट रंगाचा. तो पाहिल्याबरोबर त्यानं ओळखलं, ही तीच गाडी, वरून हिरवी केलेली. त्यानं तळाशी हात घातला. बोटांना कापडाचं गाठोडं लागलं. खाकी कापड, त्यावर बॅटरीच्या ॲसिडनं भोक पडलेला खिसा. त्याचाच शर्ट होता तो. आत मोटर, आणि वायरींवर दोन गाठी.

मग सगळं आठवलं. त्या संध्याकाळी हेच दार रबर बदलायला उघडं होतं. दुकानात माणसांची ये-जा फार, म्हणून चोराच्या नजरेला पडू नये अशी त्यानंच ती गुंडाळून दारात खाली सारली होती. दुसऱ्या दिवशी रबर बसवून पॅनलचे सगळे स्क्रू आवळले होते धाकट्यानं, बिचाऱ्याला तळाशी काय आहे याचा पत्ताही नव्हता.

थोरला तिथेच फरशीवर बसला. मोटर भंगारात टाकली तर कुणाला कळणार होतं? हा विचारही त्यानं केला, खोटं कशाला बोला. पण एक गोष्ट त्याला सुटेना. केलंच नव्हतं, तर कबूल कशाला केलं?

धाकटा आता एका मोठ्या इमारतीचे पाण्याचे पंप सांभाळायचा. पंपघरातल्या टेबलावर थोरल्यानं गाठोडं सोडलं. धाकट्यानं काही न विचारता मोटरीला बॅटरीच्या दोन वायरी लावल्या. ती फिरली. जरा कण्हली, पण फिरली.

"कार्बन चांगले आहेत अजून," तो म्हणाला. "कुठे होती?"

"मागच्या दारात. मीच ठेवली होती."

"अस्सं."

"मग तू हो का म्हणालास?"

"आईनं हात जोडले. म्हणाली, तू हो म्हण, तो माफ करील, घर मोडणार नाही. मी हो म्हटलं." त्यानं वायरी काढल्या. "तू माफ केलं नाहीस. आणि पुढे तिलाही ते खरंच वाटायला लागलं. मी भेटायला आलो की ती पाकीट हातात घेऊन न्हाणीघरात जायची. मरेपर्यंत, दादा. नऊ वर्षं."

थोरल्यानं ते पाहिलं होतं. आई शहाणी आहे, असं तेव्हा मनात म्हटलंही होतं. आता त्याला स्वतःची किळस आली. डोळे भरले.

"मी सगळ्यांना सांगतो," तो कसाबसा म्हणाला. "गल्लीत घरोघर जाऊन सांगतो."

"आईला सांगशील?"

थोरल्यानं मोटर त्याच्याकडे सरकवली. तो उठला. "ही तुझ्याकडे राहू दे. तुझ्या हातचं काम आहे. बाईंना मी दुसरी देतो."

धाकट्यानं मोटर पुन्हा त्या खाकी कापडात गुंडाळली, गाठ मारली आणि थोरल्याच्या हातात ठेवली.

"घेऊन जा, दादा. इथं नको. उद्या म्हणशील, शेवटी ह्याच्याकडेच सापडली."