कावळ्याचा न्याय

कंधारची बस दुपारी लातूरला पोचायची होती आणि त्या बसमध्ये उमैमाचा बाप लालमहंमद होता, हे ज्योत्स्नाबाई सोनकांबळे यांना ठाऊक होते. 'लेकीला घेऊन जा,' असा फोन त्याला क्लासच्या मालकांनीच केला होता. उमैमाची पेटी जिन्यापाशी आणून ठेवली होती. ती त्या पेटीवरच बसली होती. मांडीवर जीवशास्त्राचे पुस्तक उघडे होते, पण बराच वेळ पान उलटले नव्हते.

"मॅडम, एकदा कंधारला गेले की झालं," ती म्हणाली. "मामूंनी स्थळ आणून ठेवलंय. अब्बांनी कशीबशी सीईटीपर्यंतची मुदत घेतलीये."

ज्योत्स्नाबाई क्लासच्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका होत्या. त्याआधी कैक वर्षे त्यांनी नांदेडच्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचा इतिहास शिकवला होता. विद्यार्थी सीईटीच्या वाटेने लातूरला निघून गेले, विभागाला कुलूप लागले आणि पोटामागे बाईही त्याच वाटेने आल्या. मालक रेवणसिद्ध येताजाता त्यांना डिवचत, "बाई, तुमच्या तत्त्वज्ञानाला सीईटीत मार्क किती?"

वसतिगृहात कावीळ शिरली होती. संक्रांतीनंतर उमैमा तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर राहायला आली. महिना उलटला आणि तिच्या खोलीतली एक मुलगी पिवळी पडली, मग दुसरी, मग शेजारच्या खोल्या. उमैमाला मात्र काही झाले नाही. लोकांना एवढे पुरले. दुसऱ्या मुलीची आई धुरपताबाई निलंग्याकडून आली होती. "ही पोरगी पांढऱ्या पायाची हाय," हे तिनेच पहिल्यांदा म्हटले. इतर पालकांनी तो शब्द उचलून धरला.

पालकांच्या सभेला जाण्याआधी रेवणसिद्ध यांनी बाईंना बाजूला घेतले. "पोरगी गेली की प्रकरण मिटलं. पाण्याबिण्याचं काही काढू नका. पालकांनी पोरी नेल्या तर हे वसतिगृह बंद, अन् तुमची इथली खोलीही गेली. दुसरं घर कुठाय तुम्हाला?"

बाईंना दुसरे घर खरोखरच नव्हते.

वाचनकक्षात पालक दाटीवाटीने बसले होते. बाईंनी वर्गात विचारावे तसे शांतपणे विचारले, "धुरपताबाई, उमैमा दिवाळीच्याही आधीपासून तिसऱ्या मजल्यावर राहत होती. तिथं कोणाला कावीळ झाली?"

"न्हाई," धुरपताबाई म्हणाली.

"मागच्या गल्लीत आपली मुलांची अभ्यासिका आहे. तिथली पोरं आजारी आहेत. तिथं हिचं पाऊल कधी पडलं?"

"पोरांत पोरगी कशाला जातीय!" मागून कोणीतरी म्हणाले. हसू फुटता फुटता विरले.

"म्हणजे ती होती तिथं आजार नाही आणि ती नव्हती तिथं आजार आहे. मग तळमजला आणि अभ्यासिका, दोन्हीकडं सारखं काय?"

"पाणी," एक बाप सावकाश म्हणाला. "दोन्हीकडं खालच्या टाकीचं पाणी."

"तिसऱ्या मजल्यावरच्या पोरी विकतचा पाण्याचा जार आणतात," बाई म्हणाल्या.

"मी अजून वरच्या मैत्रिणींच्या जारचंच पिते," दारातून उमैमाचा आवाज आला.

"त्या टाकीला लागून संक्रांतीच्या सुमाराला सांडपाण्याची नाली खोदली," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून..."

"अहो बाई!" रेवणसिद्ध उसळले. "कावळा बसायला अन् फांदी तुटायला! नाली खोदली, कावीळ आली. योगायोग!"

या एका म्हणीवर बाईंनी नांदेडला अख्खा तास घेतलेला होता.

"खरं बोललात. जुने पंडित यालाच काकतालीय न्याय म्हणत. कावळा बसला आणि ताडाचं फळ पडलं, म्हणून कावळ्यानं पाडलं असं म्हणू नये. मालक, टाकीला जो न्याय लावला, तो या पोरीला का नाही लावला?"

"मंग टाकीला तरी दोष का देता?" रेवणसिद्ध म्हणाले.

"उगाच टाकीलाही देऊ नये. पारखून द्यावा. पंडित आणि भिक्खू शेकडो वर्षं यावरच भांडले. एक आहे तिथं दुसरं दिसतं, एक नाही तिथं दुसरंही नाही. दोन्ही पडताळल्याशिवाय कारण म्हणायचं नाही. त्या कसोटीत पोरगी सुटते. टाकी सुटत नाही. झाकण उघडून पाहू."

बोलून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आले: खोली गेली होती.

मग धुरपताबाई उठून उभी राहिली, पण बोलली ती भिंतीकडे बघून.

"भूकंपाच्या साली मी लग्न होऊन आले. गणपती बुडवून लोक निजले अन् पहाटं घर बसलं. सासू, सासरा, दीर, समदे गेले. मी जित्ती निघाले. तवापासून मला पांढऱ्या पायाचीच म्हणत्यात." ती गर्रकन वळली. "बाई, ज्या गावात मी कदी गेलेच न्हाई, तिथलीबी घरं पडलीच की! हा सवाल तवा कोणी का न्हाई इचारला?"

"विचारला होता, धुरपताबाई. लई जुना सवाल आहे. तुमच्या गावापर्यंत कोणी आणून पोचवला नाही."

धुरपताबाईने पदर खोचला. "उघडा टाकी."

"चावी सापडत न्हाई," रेवणसिद्ध म्हणाले.

"मंग पहार आना."

झाकण हलले आणि नालीचा वास अंगणभर पसरला. नाक धरून बायका मागे सरल्या. त्या गडबडीत रेवणसिद्ध बाईंच्या कानाशी येऊन म्हणाले, "महिनाअखेरीस खोली मोकळी करा." बाईंनी मान हलवली.

लालमहंमद फाटकातून घाईने आत आला, तेव्हा जिन्यापाशी पेटी नव्हती. "उमैमाची पेटी कुठाय?" त्याने घाबऱ्याघाबऱ्या विचारले.

वरून उतरणारी धुरपताबाई धापा टाकत होती. "मीच नेली वर, भाऊ. पोरगी अभ्यास करायलीय. तिला बोलवू नका."

"आजारी तर नाही ना माझी पोरगी?"

"न्हाई. हितं तीच एक धड हाय. बसा, पानी देते..." ती थबकली. तिने उघड्या टाकीकडे पाहिले. "पानी नगं. जारच्या पान्याचा चहा घ्या."