पेशींनी सोडलेल्या पुड्या

मी घरात शिरलो की स्वयंपाकघरातलं बोलणं थांबायचं. बायको गेल्यापासून मेव्हणी अधूनमधून राहायला यायची. तिचं आणि माझ्या मुलीचं गूळपीठ जुनंच, पण पूर्वी मला बघून त्या गप्प होत नसत. आता दार वाजलं की नळ सुरू व्हायचा, एखादं भांडं उगाच आपटायचं आणि मेव्हणी म्हणायची, "आलात भाऊजी? चहा टाकू?"

मी गोदामावर वॉचमन आहे. फाटकावर उभं राहून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पिशव्या बघणं हे माझं काम. कोणी न मागता चहा विचारला की मी त्याची पिशवी जरा जास्तच उलटीपालटी करतो.

मुलीला आम्ही बारकी म्हणतो. माझ्याहून वीतभर उंच झाली, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात लागली, तरी बारकीच. मधूनच ती कामावर जायची नाही. विचारलं तर म्हणायची, सुट्टी आहे. आठवड्याच्या मधोमध कसली आली सुट्टी? मला वाटलं, कोणी मुलगा असेल. मग एकदा कचऱ्याच्या डब्यात तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं. ते पाकीट मी ओळखलं. बायको त्याच गोळ्या घ्यायची. मुलगा असता तर परवडलं असतं.

बायकोचा आजार असा होता. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलंच अस्तर तिच्या पोटात भलत्या जागी वाढत होतं, अंडाशयावर, आतड्यांवर. पाळी आली की तिथेही सूज यायची आणि ती अंथरुणात गडबडा लोळायची. एकदा ऑपरेशन करून ते काढलं. थोडे दिवस बरे गेले, परत उगवलं. शेवटी आतडी एकमेकांना चिकटून अडकली. तातडीने पोट उघडावं लागलं आणि त्या हॉस्पिटलातून ती घरी आली नाही.

तेव्हा गोदामावरच्या एका ड्रायव्हरने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "पहिल्या ऑपरेशनला पोटात कापड विसरले असणार. असं होतं. कोणी कबूल करत नाही." ते माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. मी बारकीला बजावून ठेवलं, त्या हॉस्पिटलची पायरी चढायची नाही.

एका सुट्टीच्या दिवशी दोघी चपला आणायला म्हणून निघाल्या. बारकीच्या पायातल्या चपला नव्याकोऱ्या होत्या. मी मागोमाग निघालो. त्या त्याच हॉस्पिटलात शिरल्या.

फाटकावरच्या वॉचमनने मला अडवलं. "कोणाकडे?"

"आता दोन बायका आत गेल्या. एक उंच."

"तुमच्या कोण?"

"मुलगी आणि मेव्हणी."

"मग फोन करा की त्यांना."

बरोबर होतं त्याचं. मीही हेच म्हणालो असतो. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने सोडलं. खरं तर असं कोणाला सोडू नये.

मागच्या इमारतीत एका खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत त्या दोघी बसल्या होत्या. टेबलापलीकडे एक डॉक्टरीणबाई. मी तिला लगेच ओळखलं. बायको गेली तेव्हा बाहेर येऊन मला सांगणारी हीच.

मेव्हणीने कपाळावर हात मारला. "झालं. आले फौजदार."

"मिळाल्या का चपला?" मी विचारलं.

बारकीने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. बाईंनी मला खुर्ची दिली. म्हणाल्या, "तुमच्या मुलीलाही आईचाच आजार असावा. दुर्बिणीने आत बघितल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. बेंबीपाशी छोटंसं भोक पाडावं लागेल."

"तिच्या आईचंही छोटंच पाडलं होतं."

भिंतीवरच्या पडद्यावर एक चित्र होतं. काळ्यावर हिरवे डाग, डागांभोवती बारीक ठिपके. मी विचारलं, हे काय? बाईंनी मेव्हणीकडे पटकन बघितलं. अशा नजरा पकडण्याचाच मला पगार मिळतो.

"सांगून टाका त्याला," बारकी म्हणाली. "बाबा, आईच्या पेशी आहेत त्या."

पहिल्या ऑपरेशनला जे काढलं, त्यातला तुकडा अभ्यासासाठी ठेवला होता. त्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या होत्या. हा त्यांचा फोटो.

"कोणाला विचारून?"

"तिलाच," मेव्हणी म्हणाली. "मी शेजारी होते. ताई म्हणाली, न्या की, मला काय त्याचं लोणचं घालायचंय?"

हे वाक्य तिचंच. रचून सांगणाऱ्याला असं सुचलं नसतं. मी उठून पडद्याजवळ गेलो.

"आणि हे ठिपके?"

"पेशी एकमेकींशी बोलतात," बाई म्हणाल्या. "त्यांना तोंड नसतं, म्हणून त्या अशा बारीक पुड्या सोडतात. पुडीत निरोप असतो. दुसरी पेशी ती पुडी गिळते आणि निरोपाप्रमाणे वागायला लागते."

"म्हणजे आमच्या तळमजल्यावालीसारखंच," मेव्हणी म्हणाली. "तीही नुसत्या पुड्याच सोडत असते."

बारकी हसली आणि लगेच पोट धरून वाकली.

बाईंनी पुढे सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. शरीरात पहारेकरी पेशी असतात. भलत्या जागी काही रुजलं की ते खाऊन टाकणं त्यांचं काम. त्या येतातही. पण या अस्तराच्या पेशी त्यांच्याकडे पुड्या सोडतात. मग पहारेकरी खायचं सोडून त्यांचीच सरबराई करतात. रक्ताच्या नव्या वाहिन्या येतात, दुखणं पोचवणाऱ्या नसा येतात, आणि त्या नसा आणखी पहारेकऱ्यांना बोलावून घेतात.

"म्हणजे वॉचमन फितूर," मी म्हणालो. मला राग आला होता.

"फितूर नाहीत हो. फसलेत. पुडीत असतं, इथे जखम आहे, भरून काढा. ते बिचारे इमानाने भरत बसतात."

"पुडी कोणाची आहे ते बघायला नको?"

"तेवढं त्यांना येत नाही. आणि ती पुडी अडवायची कशी, ते अजून आम्हालाही आलेलं नाही. त्याचाच अभ्यास चाललाय."

मग मी इतके दिवस पोटात ठेवलेलं विचारलं. "पहिल्या ऑपरेशनला तिच्या पोटात कापड राहिलं होतं ना?"

"कोण म्हणालं?"

"आमचा एक ड्रायव्हर."

"तो होता तिथे?"

"नाही."

"शेवटी पोट उघडलं तेव्हा मी होते," बाई म्हणाल्या. "कापड नव्हतं. आतडी चिकटली होती, याच आजाराने. तोवर उशीर झाला होता."

फाटकावर खोटं बोलणारा माणूस हातातली पिशवी आवळून धरतो. बाईंचे हात टेबलावर मोकळे होते. अर्थात तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हेही मला कळतं.

"बाबा, मी करून घेणार आहे," बारकी म्हणाली. "तू हो म्हण नाहीतर नको म्हणूस."

"मावशीला सांगता येतं, मला नाही?"

"तुला सांगितलं की तू दाराला कडी घालतोस."

बाईंनी आमचं भांडण पुढे जाऊ दिलं नाही. विचारलं, "आईला पोटाशिवाय आणखी कुठे दुखायचं?"

"पाठ," मेव्हणी म्हणाली.

"पाठ नाही," मी म्हणालो. "खांदा. उजवा. पिशव्या उचलून दुखतो म्हणायची, पण दुखायचा फक्त पाळीत. मीच चोळून द्यायचो."

बाई पुढे सरकल्या. "एरवी नाही?"

"कधीच नाही."

"बाबा," बारकी म्हणाली, "माझाही दुखतो. उजवाच. मला वाटलं खोकी उचलून."

बाई म्हणाल्या, फुप्फुसांच्या खाली श्वासाचा पडदा असतो, त्याच्यावर हे अस्तर रुजलं की दुखणं खांद्यात जाणवतं. हे कळलं नसतं तर खालचंच बघून दुर्बीण बाहेर काढली असती. आता वर, यकृताच्या मागेही बघावं लागेल.

"हे तिच्या वेळी बघितलं होतं?"

"नाही. तिने सांगितलं नाही आणि आम्ही बहुतेक विचारलं नाही."

बारकी माझ्यावर उखडली. "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

"तू आलास की आम्ही गप्प बसतो. विचारणार कधी?"

"भांडा आता इथेच," मेव्हणी म्हणाली.

मी बाईंना म्हणालो, "करा. पण मी बाहेर बसून राहणार. आणि दुर्बीण जो कोणी आत घालणार आहे, त्याला हे खांद्याचं आत्ता सांगा. माझ्यासमोर."

बाईंनी फोन लावला. उजवा खांदा, फक्त पाळीत, आईलाही होतं, पडदा नीट बघायचा, असं सगळं सांगितलं. पलीकडचा माणूस बरं म्हणाला असावा, कारण त्या फोन ठेवायला लागल्या.

"थांबा," मी म्हणालो. "त्याने काय ऐकलं, ते त्याच्या तोंडून वदवून घ्या."