वडिलांचा व्यवसाय

क्लबच्या याद्या करायचं काम गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. मी ते मागितलं नव्हतं. पण आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठीच्या टीचरला रिकामी समजायची पद्धत आहे, आणि मुख्याध्यापिका सिस्टर जेसिंतांना नाही म्हणायची हिंमत अख्ख्या वर्ध्यात अजून कुणी दाखवलेली नाही. जूनमध्ये आठवीच्या मुलांचे फॉर्म येतात. पहिली पसंती, दुसरी पसंती, वडिलांचा व्यवसाय, पालकांची सही. मी चहा घेत बसते आणि शंभरेक मुलं बँड, गायन, नाटक, विज्ञान, बागकाम अशी वाटून टाकते. एकदा मिळालेला क्लब दहावीपर्यंत बदलायचा नाही, हा सिस्टरांचा नियम. मुलांना चिकाटी लागावी म्हणून.

सुरभीच्या फॉर्मवर पहिली पसंती बँड होती आणि दुसरीही बँडच. वडिलांचा व्यवसाय: भाजीपाला, पवनार. ते वाचून मी खूश झाले. बागकाम क्लबात तेव्हा डॉक्टर-प्राध्यापकांची मुलं होती, त्यांना गवत कुठलं आणि पालक कुठला हेही कळत नव्हतं. धाम नदीच्या काठची पोरगी तिथं चमकेल, चारचौघांत तिची मान वर होईल, असं मला अगदी मनापासून वाटलं. मी बँड खोडलं, बागकाम लिहिलं आणि स्वतःलाच शाबासकी दिली. ती शाबासकी आठवली की अजून माझा मलाच राग येतो.

पहिल्या शुक्रवारी, क्लबच्या तासाआधी, ती स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"मिस, मी बँड लिवलं होतं. मले साइड ड्रम वाजवाचा हाये."

"अगं, बागेत तू सगळ्यांच्या पुढे राहशील. तुला सगळं येतं."

"येते म्हणूनच ना मिस. सकाळी पाचले उठून मेथीच्या, सांभाराच्या जुड्या बांधतो आमी. शाळेतून गेलं का निंदन. इथंबी तेच काऊन?"

यादीवर सिस्टरांची सही होऊन ती फलकावर लागली होती. "बघू पुढच्या वर्षी," मी म्हणाले. आम्ही शिक्षक काही करता येत नसलं की असंच म्हणतो.

चॅपलच्या मागे मुरमाड जमिनीचा एक तुकडा होता, तीच आमची बाग. सुरभीनं घरून शेणखताची पोती आणवली, वाफे पाडले आणि दिवाळीपर्यंत तिथं वांगी लागली. पाणी रोज मधल्या सुट्टीत तीच घालायची, कारण दुसऱ्या कुणाच्या लक्षातच राहायचं नाही. मेंदीच्या कुंपणापलीकडे बास्केटबॉलच्या मैदानावर विवेक सरांचा बँड तालीम करायचा. साइड ड्रमवर धनंजय नावाचा मुलगा होता. त्याचा ठेका चुकला की इकडे सुरभीचं खुरपं थांबायचं. मग ती रिकाम्या झारीवर बोटांनी तो ठेका बरोबर करून घ्यायची आणि पुन्हा खाली वाकायची. मी वऱ्हांड्यातून हे बघायची आणि आत निघून जायची. दुसरं काय करणार होते?

ती नववीत गेली आणि धनंजयच्या वडिलांची बदली चंद्रपूरला झाली. ड्रम रिकामा झाला. मी विवेक सरांना गाठलं. एका मधल्या सुट्टीत त्यांनी सुरभीच्या हातात काड्या दिल्या, आणि वर्षभर कुंपणाआडून ऐकलेला मार्चिंगचा ठेका तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. विवेक सर नुसते हसत राहिले. मी तशीच सिस्टरांच्या केबिनमध्ये गेले.

"टीचर, पहले परसबाग स्पर्धा होने दो," सिस्टर म्हणाल्या. "ये बच्ची गई तो गार्डन कौन देखेगा? फिर देखेंगे."

स्पर्धा जिल्ह्यातल्या शाळांची होती आणि नोव्हेंबरात होती. मी सुरभीला सांगितलं, थोडी कळ काढ. तिनं मान हलवली.

ऑक्टोबरच्या उन्हात एके दिवशी मला दिसलं की वांग्यांनी माना टाकल्यात. दुसऱ्या दिवशी माती तडकली. सुरभी मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहिली होती. माझ्या ध्यानात आलं. बाग गेली तर स्पर्धा गेली, आणि स्पर्धा गेली तर बागेत तिला धरून ठेवायचं कारणही गेलं. मी सिस्टरांना सांगायला हवं होतं, पण मी तोंड बंद ठेवलं. इतकंच नाही, शिपाई चिंधूभाऊ पाण्याचा पाइप ओढत आले तर त्यांना मी खोटंच काम काढून प्रयोगशाळेत पिटाळलं. बावीस वर्षांच्या नोकरीत मी केलेली ही एकमेव बंडखोरी.

चौथ्या दिवशी सकाळी पाहते तर वाफे ओले आणि सुरभी बांधावर बसलेली. शाळा भरायला अजून अर्धा तास होता.

"झालं नाई मिस माझ्यानं," ती म्हणाली. "तीन दिवस मन घट्ट केलं. पण काल बसमधी बसल्यावर सारखे ते पानंच दिसून राह्यले. घरी एक वाफा सुकला तरी आई जेवत नाई." मग ती रडायला लागली. "मले सुकवताबी येत नाई."

मी तिच्या शेजारी बसले. तिच्या पाठीवर हात ठेवला.

आम्हाला पहिला नंबर मिळाला. मी पुन्हा केबिनमध्ये गेले तेव्हा सिस्टर माझ्याकडे बघून हसल्याच. "अब? अब तो बिलकुल नहीं, टीचर." माणूस वाईट नाही. सुरभीला शाळेत जे नाव मिळालं होतं ते जपलं पाहिजे, असं त्यांना वाटत होतं. ती आठवीत आली त्या जूनमध्ये मला वाटलं होतं तसंच. ड्रम दुसऱ्या मुलाला मिळाला.

स्नेहसंमेलनात बँड वाजत असताना सुरभी वांग्यांची टोपली घेऊन स्टेजवर आली आणि तिनं ती पाहुण्यांना दिली. निवेदन माझ्याकडेच होतं. "मातीशी नातं सांगणारी आमची विद्यार्थिनी," असलं काहीतरी मी बोलले. दुसऱ्या रांगेत तिचे वडील कैलासभाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते. मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढताना त्यांचे डोळे वाहत होते. सुरभीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती हसली. ते हसू केवळ बापासाठी होतं, हे मला कळलं आणि मी माइक खाली ठेवला.

पुढच्या जूनमध्ये तिची धाकटी बहीण हर्षा आठवीत आली. फॉर्म माझ्यासमोर होता. पहिली पसंती: नाटक. अक्षर सुरभीचं. वडिलांचा व्यवसाय: ड्रायव्हर.

मला हसू आलं. मी पेन उचललं आणि सगळ्यात आधी हर्षाला नाटकात घातलं. या वेळी तरी आपण नीट वागलो, असं वाटलं. पण फॉर्मवर पालकांची सही नव्हती, आणि ऑफिसातल्या अण्णाजींनी नियमाप्रमाणे कैलासभाऊंना फोन केला.

दुसऱ्या दिवशी कैलासभाऊ दोन्ही मुलींना घेऊन ऑफिसात आले. सही करता करता थांबले.

"हे कोनं लिवलं जी? मी कायचा ड्रायव्हर?" ते माझ्याकडे बघून हसले. "पोरीनं भाजीवर शाळेले पयला नंबर आनून देल्ला, अन् मी लपवू का? पाहजा मॅडम." त्यांनी ड्रायव्हर खोडलं आणि वर मोठ्या अक्षरात भाजीपाला लिहिलं.

तेवढ्यात सिस्टर केबिनमधून बाहेर आल्या. "अरे, सुरभी की बहन!" त्यांनी फॉर्म हातात घेतला. माझं नाटक खोडून त्यांनी बागकाम लिहिलं आणि खाली सही केली. कैलासभाऊंनी हात जोडले.

सुरभी माझ्याकडे बघत होती. मी बोलू शकले असते. पण काय बोलणार? की तुमच्या लेकीनं तुमचा धंदा लपवला? तिला भाजीची लाज नाही, तिला आठवड्यातला एक तास भाजीवाचून हवा होता, हे त्या हसऱ्या माणसाला मी कुठल्या शब्दांत सांगणार होते? मराठीची शिक्षिका मी, आणि मला एक वाक्य जुळवता येईना. मी फाइलची दोरी सोडून पुन्हा बांधत बसले.

मग सुरभीनं बहिणीचा हात धरला.

"चाल हर्षा," ती म्हणाली. "झारी कुठं ठेवतात, दाखवतो तुले."