खिळ्यावरची चावी

सयाजीचा शर्ट भिंतीतल्या खिळ्याला होता आणि विजयश्रीचा हात त्या शर्टाच्या खिशात. बाहेर नळावर सयाजी कोपरापर्यंत माखलेलं ग्रीस घासून काढत होता, म्हणजे वेळ होता. तंबाखूची पुडी, कंपनीचं कार्ड आणि पुन्हा तीच चावी. बारकी, लाल प्लास्टिकच्या बिल्ल्याला अडकवलेली. विजयश्रीने ती कमरेला खोचली आणि काहीच न झाल्यासारखी भाकरी उलटली.

कुरुळीत तिची खानावळ. जेवायला येणारी सगळी कंपन्यांतली माणसं तिला मावशी म्हणत. सयाजीही म्हणायचा. गेल्या दिवाळीनंतर त्याने ‘मावशी’ सोडलं आणि नुसतं ‘अहो’ धरलं, तेव्हाच तिच्या लक्षात आलं. माणूस परभणीकडचा, बायको वारलेली, जवळच्याच एका कंपनीत प्रेस मशिनी दुरुस्त करणारा. चार दिवसांपूर्वी ताट उचलता उचलता त्याने विचारून टाकलं होतं.

“अहो, आपण दोघं एका घरात राहिलो तर कसं व्हईल? लगीच नका सांगू. गुरुवारी सुट्टी हाय मला, तवर इचार करा.”

विचार करा म्हणे! विचार करून करून तिची झोप उडाली होती. माणूस तिला आवडत होता, हीच तर पंचाईत होती. न आवडणाऱ्या माणसाला नाही म्हणायला विचार कशाला लागतो?

तिचा पहिला नवरा, रंगराव, तोही आवडलाच होता. त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक जादा किल्ली असायची. विजयश्रीला ती रोज दिसायची आणि तिने कधी विचारलं नाही. पुढे कळलं की ती सांगवीतल्या एका खोलीची होती आणि त्या खोलीत एक बाई होती, बाईच्या कडेवर रंगरावाचं नाक घेऊन जन्मलेलं पोर होतं. काडीमोड झाला. तेव्हापासून विजयश्री भाकरी थापायचा पाट नेहमी खिळ्यांच्या भिंतीकडे तोंड करून मांडायची. कोण येतं, काय टांगतं, खिशात काय फुगलंय, सगळं दिसलं पाहिजे. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पितात. ही तर पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

सयाजी जेवला, शर्ट चढवला, “येतो, अहो,” म्हणून गेला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

“माझी चावी पडली का हो तिथं? बारकी, लाल बिल्ल्याची?”

“न्हाई बाई,” विजयश्री म्हणाली. “कसली चावी?”

“बगा की जरा, पाया पडतो तुमच्या. सापडंना झालीय.”

विजयश्रीने फोन ठेवला. साध्यासुध्या चावीसाठी माणूस पाया पडतो? तिने पदर खोचला आणि थेट त्याची खोली गाठली. चावी कुलपात शिरेनाच.

घरमालकीण शालनबाई गहू निवडत बसली होती. “अगं, त्याची चावी त्या तुळशीच्या कुंडीखाली असती. आख्ख्या गल्लीला ठावं हाय. तुला काय पायजे?”

“काय न्हाई. डबा ऱ्हायला व्हता.”

चावी कुंडीखाली ठेवणारा माणूस काही लपवत नाही, असं दुसऱ्या कुणालाही वाटलं असतं. विजयश्रीला वाटलं, बरोबर आहे. ही खोली उघडीच ठेवणार. लपवायचं ते दुसरीकडे असतं! परत येताना रस्त्यात तिला रडू आलं. फसवलं गेल्याचं दुःख जुनंच होतं. पुन्हा एकदा आशा केली, याची लाज जास्त होती.

उन्हं कलली तेव्हा किसन डबा न्यायला आला. तो सयाजीच्याच कंपनीत होता.

“मावशी, आज आमच्याकडं लय राडा झालाय. प्रेस बंद, आख्खी लाइन हुभी हाय. सयाजीभाऊची चावी हरवली.”

“तिच्यावर मशीन चालती व्हय?”

“न्हाई वो. दुरुस्तीला आत हात घालायच्या आधी भाऊ मेन स्विचला आपलं कुलूप घालतो. वर त्याचा फोटो असतो. त्यो आत असताना कुणी बटन दाबलं तर हात जाईल ना! म्हणून ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. चावी एकच, आन् ती अंगावरनं काढायची न्हाई, असा नियम हाय. काम अर्धं सोडून जेवायला आला, तरी कुलूप तसंच.” किसनने डबा उचलला. “आन् हा येडा रोज ती तुमच्या खिळ्याला टांगून हात धुतो. म्या म्हनलं बी एकदा, तर म्हणतो, तिथं काय भ्या हाय? आता भाऊ जमिनीवर गुडघं टेकून एकेक नट बाजूला करून शोधतोय. साहेब तर नोकरीवरच उठलाय.”

विजयश्रीच्या हातातली परात खाली पडली. पीठ सगळीकडे झालं. तिने ते तसंच टाकलं.

कंपनीच्या गेटवर वॉचमन तिला आत सोडेना. “सयाजीला बोलवा, त्याची चावी हाय,” असं ती ओरडून सांगू लागली, तेव्हा कुठे त्याने आत फोन लावला. सयाजी धावत आला, मागोमाग साहेब. सयाजीच्या गुडघ्यांना काळं तेल लागलं होतं. तिने मूठ उघडली.

साहेब कडाडला, “कुठे होती ही?”

सयाजीने चावी पाहिली, मग विजयश्रीचं तोंड पाहिलं. त्याला काय कळायचं ते कळलं. “हात धुताना पडली असंल, साहेब,” तो खाली बघत म्हणाला. “माझीच चूक हाय.”

एवढ्यावर निभावलं असतं. विजयश्रीला मान हलवून घरी जाता आलं असतं.

“पडली न्हाई,” ती म्हणाली. “म्या काढली खिशातनं. फोनवर बी खोटं बोलले. मला वाटलं, दुसऱ्या घराची हाय.”

वॉचमन खुदकन हसला. साहेबाला काही कळेना. सयाजी हसला नाही. तो चावी घेऊन, तिच्याकडे न बघता, आत गेला. ते तिला फार लागलं.

कंपनीने त्याला काही दिवस घरी बसवलं. तो जेवायला आला नाही. गुरुवार आला आणि गेला. विजयश्रीने त्या दिवशी उगाच दोन भाज्या केल्या होत्या, त्यातली एक तशीच उरली. तो बाहेर गेला की कुंडीखालच्या चावीने खोली उघडून आत बसावं आणि आल्या आल्या त्याची माफी मागावी, असं तिला दहादा वाटलं. पण त्याच्या खिशात एकदा हात घातला होता तेवढा पुरे होता.

पुढच्या आठवड्यात दुपारी नळ सुटल्याचा आवाज आला, मग थांबला. सयाजी दारात उभा होता, हात अजून कोपरापर्यंत काळेच. गळ्यात काळा दोरा आणि दोऱ्यात ती चावी.

“बरं केलं. गळ्यातच घालावी,” विजयश्री कशीबशी म्हणाली.

“साहेबाचा हुकूम हाय. कंपनीत गळ्यात.” त्याने मान वाकवून दोरा काढला आणि खिळ्याला अडकवला. त्यावर शर्ट टांगला. “हितं खिळ्याला.”

“पुन्हा?”

“मग काय आता दुसरी खानावळ हुडकू?” तो वळला, दोन पावलं जाऊन थांबला. “गुरुवार तर गेला, अहो.”

विजयश्रीचे डोळे भरून आले. पिठाच्या हातांनी तिला ते पुसताही येईनात.

“गुरुवारचं काय,” ती म्हणाली, “दर आठवड्याला येतोय.”

तो नळाकडे गेला. विजयश्री उठली. तिने पाट उचलला, परात ओढली, शेगडी सरकवली आणि खिळ्यांच्या भिंतीकडे पाठ करून बसली. इतक्या वर्षांच्या सवयीने मान एकदा मागे वळलीच. मग तिने पिठाचा गोळा घेतला आणि भाकरी थापायला लागली.